एका न झालेल्या लढाईचे पान : विकिपीडियावरील बनावट लेख ओळखावा कसा आणि काढावा कसा?

करवीरवाचक

नमस्कार मंडळी. मराठी विकिपीडियावर आपल्या भुदरगड तालुक्यातील एका खिंडीत झालेल्या लढाईविषयीचा लेख नुकताच माझ्या वाचनात आला. लेख नेटका आहे. पार्श्वभूमी, दोन्ही बाजूंचे सैन्यबळ, प्रत्यक्ष लढाई, परिणाम आणि स्मारक असे विभाग पाडलेले आहेत, भाषेत कोठेही आरडाओरडा नाही आणि तळाला नऊ संदर्भ आहेत. तरीही लेख वाचून संपल्यावर ही लढाई झालीच नसावी अशी शंका मनात घर करून बसली.

शंकेचे पहिले कारण म्हणजे आकडे. त्या काळातील कागदपत्रांत सैन्य हजार-पाचशेच्या हिशेबाने सांगितलेले असते. येथे मात्र पायदळ १,३४७ आणि घोडदळ २१६ असे नेमके मोजलेले आहे आणि हे मोजले कोणी याचा पत्ता नाही. दुसरे कारण म्हणजे संदर्भ. १९३४चे एक मराठी पुस्तक, १९५८चे दुसरे, १८८६चे कोल्हापूरचे गॅझेटियर (सरकारी माहितीग्रंथ), एका वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीतील लेख आणि बाकी संकेतस्थळे, अशी ती यादी आहे. दोन्ही मराठी पुस्तकांचे पृष्ठ क्रमांक दिलेले नाहीत. लढाईची तारीख शके १५८९, आनंदनाम संवत्सर अशी आहे.

खिंडीचे, लढाईचे आणि पुस्तकांचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही. ते दिले तर उद्या शोधयंत्रात हा धागाही त्या लढाईचा एक उल्लेख म्हणून दिसू लागेल. ज्यांना पान पाहायचे असेल त्यांना दुवा व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.

माझे प्रश्न दोन आहेत. लेख बनावट आहे अशी खात्री कशी करून घ्यावी? आणि खात्री पटली, तर कोणावर अन्याय न करता तो काढावा कसा?

उलटतपासणी

करवीरवाचक, आपण लेखाला हात न लावता आधी विचारलेत हे बरे केलेत. मी विकिपीडियावर बरीच वर्षे संपादन करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम लेखावरील ‘इतिहास पहा’ येथे जावे. लेख कोणी सुरू केला, पहिली आवृत्ती केवढी होती आणि त्या सदस्याचे इतर योगदान काय आहे, हे तेथे दिसते. आपण दुवा पाठवल्यावर मी पाहिले. पहिल्याच संपादनात सर्व विभागांसह पूर्ण लेख अवतरला आहे आणि त्या सदस्याने या लेखाखेरीज फक्त दोन पानांवर याच लढाईचा उल्लेख घातला आहे. हा पुरावा नव्हे. एखादा अभ्यासू माणूसही धूळपाटीवर, म्हणजे स्वतःच्या सरावाच्या पानावर, लेख पूर्ण करून मग तो एकदम चढवतो. परंतु नोंद घ्यावी असे हे निश्चित आहे.

त्यानंतर कोणते वाक्य कोणत्या संदर्भावर उभे आहे ते पाहावे. बनावट लेख लिहिणारा हुशार असेल तर तो खऱ्या वाक्यांना खरे संदर्भ देतो. खिंड समुद्रसपाटीपासून किती उंच आहे, तालुक्यात पाऊस किती पडतो, याला सरकारी संकेतस्थळाचा पक्का आधार असतो. लढाईचे वाक्य मात्र कोणाच्याच हाती न लागणाऱ्या पुस्तकावर सोडलेले असते. नऊ संदर्भ मोजून वाचक निर्धास्त होतो, पण त्यांतील सहा-सात संदर्भांचा लढाईशी काही संबंधच नसतो. या लेखात नेमके असेच झाले आहे. संकेतस्थळांचे पाचही संदर्भ भूगोलाचे आहेत.

आता काढण्याविषयी. मजकूर पुसून पान कोरे करू नये. अलीकडील बदलांवर नजर ठेवणारे सदस्य त्याला उत्पात (मुद्दाम केलेली नासधूस) समजून काही मिनिटांत मागे फिरवतात आणि संशयित म्हणून नाव आपलेच लागते. पानावर पान काढण्याच्या विनंतीचा साचा (ठरावीक सूचनापट्टी) लावावा, चर्चा पानावर मुद्देसूद कारणे लिहावीत आणि लेख तयार करणाऱ्या सदस्याला त्याच्या चर्चा पानावर कळवावे. पान वगळण्याचा अधिकार प्रचालकांकडेच, म्हणजे विशेष अधिकार दिलेल्या सदस्यांकडेच, असतो. इंग्रजी विकिपीडियावर उघड उघड बनावट पान तत्काळ वगळता येते, परंतु जेथे संशयाला थोडीही जागा आहे तेथे साधारणतः सात दिवस चर्चा चालते, आणि ते योग्यच आहे. अविश्वसनीय वाटलेल्या काही गोष्टी खऱ्याही निघतात.

गारगोटीकर

खिंड खरी आहे याची ग्वाही मी देतो, कारण माझे आजोळ तिच्या पायथ्याशी आहे. तेथे झालेली एकमेव लढाई मला ठाऊक आहे ती गारगोटीच्या शेवटच्या एस.टी.त खिडकीची जागा धरण्यावरून होते, आणि तिचे सैन्यबळ कोणीही मोजलेले नाही.

सीमाभाग

या विषयात आपल्या मंडळींनी आवर्जून लक्षात ठेवावे असे उदाहरण आपल्या शेजारीच घडले आहे. इंग्रजी विकिपीडियावर २००७ मध्ये डिचोलीच्या संघर्षावर एक लेख आला. १६४०-४१ मध्ये पोर्तुगीज गोवा आणि मराठा साम्राज्य यांच्यात डिचोली परिसरात युद्ध झाले आणि शेवटी तह झाला, असे त्यात सुमारे साडेचार हजार शब्दांत सांगितले होते. त्याच वर्षी त्याला ‘चांगला लेख’ हा दर्जाही मिळाला. पुढे त्याहून वरच्या दर्जासाठी त्याचे नाव सुचवले गेले, ते मात्र मान्य झाले नाही. २०१२च्या अखेरीस एका संपादकाने संदर्भातील पुस्तके एकेक करून शोधली, तेव्हा ती पुस्तकेच अस्तित्वात नाहीत असे उघड झाले आणि लेख वगळण्यात आला. मधली पाच वर्षे तो तेथे होता.

खरे तर महाराष्ट्रातील शाळकरी मुलानेही तो लेख पहिल्या ओळीत अडवला असता. शिवाजी महाराजांचा जन्म १६३०चा, म्हणजे १६४० मध्ये ते दहा वर्षांचे होते. शहाजीराजे १६३६च्या तहानंतर आदिलशाहीच्या चाकरीत होते. मग पोर्तुगिजांशी लढणारे मराठा साम्राज्य आले कोठून? पण डिचोलीशी मराठ्यांचा संबंध पुढे खरोखर आला. त्या तालुक्यातील नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार महाराजांनी १६६८ मध्ये केला. परक्या वाचकाला मराठे, पोर्तुगीज आणि डिचोली ही तिन्ही नावे ओळखीची वाटली आणि तीस वर्षांची तफावत त्याच्या लक्षात आली नाही.

माझा मुद्दा असा की त्या लेखाचे परीक्षण करणाऱ्यांना मांडणी, भाषा आणि तळटिपा तपासता येत होत्या, पण प्रदेश ठाऊक नव्हता. आणि ज्यांना प्रदेश ठाऊक होता त्या आपल्यासारख्यांनी तो लेख उघडलाच नाही.

दक्षिणदरवाजा

मला येथे थोडे थांबवावेसे वाटते. ‘पुस्तकात नाही म्हणून झाले नाही’ हा निष्कर्ष आपल्या जिल्ह्यात तरी फार घाईचा ठरेल. पन्हाळ्यापासून आजऱ्यापर्यंत गावोगावी देवळांच्या आवारात वीरगळ उभे आहेत. प्रत्येक दगड म्हणजे कोणीतरी लढून मेल्याची खूण आहे, आणि त्यांतील बहुतेकांविषयी एकाही पुस्तकात अक्षर नाही. गावातील वृद्ध मंडळी पिढ्यान्पिढ्या जे सांगत आली आहेत, ते शहरात बसून संदर्भाअभावी खोटे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? लिहिण्याची सोय ज्यांच्याकडे होती त्यांचाच इतिहास शिल्लक राहिला, हे शाहू महाराजांच्या गावात तरी वेगळे सांगावे लागू नये. त्या पानावर स्मारक म्हणून एका वीरगळाचे छायाचित्र आहे. ते खोटे आहे असे कोणी म्हणू शकेल काय?

उलटतपासणी

दक्षिणदरवाजा ताई, आपला आक्षेप मी मनापासून मान्य करतो, फक्त तो या लेखाला लागू पडत नाही. आख्यायिका सांगणारा माणूस ‘असे आमच्या गावात सांगतात’ म्हणून सांगतो. ती आख्यायिका कोणी नोंदवून प्रसिद्ध केली असेल तर तिला आख्यायिका म्हणून विकिपीडियावर सन्मानाने जागा आहे. चूक करणाऱ्याचे पुस्तक खरे असते आणि वाचन चुकलेले असते. तेथे दुरुस्ती करावी, पान काढू नये. बनावट लेखात मात्र पुस्तकच रचलेले असते. हा लेख ‘गावात सांगतात’ असे एकदाही म्हणत नाही. तो १९३४ आणि १९५८च्या पुस्तकांकडे बोट दाखवतो. तेव्हा तपासायचे आहे ते ती पुस्तके आहेत की नाहीत एवढेच. गावकऱ्यांचा खरेपणा तपासण्याचा प्रश्नच येत नाही.

अनघा

१९५८च्या पुस्तकापुढे तेरा अंकी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) दिलेला पाहून मी हसलेच. ही क्रमांकपद्धती साधारण १९७०च्या सुमारास रूढ झाली आणि ती तेरा अंकी झाली २००७ पासून. १९५८च्या पुस्तकाला हा क्रमांक जन्मतः असणे शक्य नाही.

अर्थात नंतरच्या पुनर्मुद्रणाला तो मिळालेला असू शकतो, म्हणून मी पुढची पायरी केली. तेरा अंकांतील शेवटचा अंक पडताळणीचा असतो. पहिल्या बारा अंकांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करायची आणि ती पुढच्या दहाच्या पटीत नेण्यासाठी जो अंक लागेल तो तेरावा. या पानावरील क्रमांकाची बेरीज १३८ येते, म्हणजे शेवटी २ हवा होता. तेथे ९ आहे. कोणीतरी अंक मनाने टाकले आहेत, किंवा उतरवताना चुकले आहेत. छापील पुस्तकांवरही क्वचित चुकीचा क्रमांक आढळतो, त्यामुळे एवढ्यावरून निकाल देऊ नये. पण संशयाचे पारडे नक्कीच जड होते.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

लढाईचे राहू द्या. आपल्या शहरातील ‘युवा नेतृत्व’ आणि ‘थोर समाजसेवक’ यांची जी पाने अधूनमधून उगवतात, ती आधी काढा अशी विनंती आहे. वाढदिवसाचा फ्लेक्स चौकातून महापालिका उतरवते; तोच फ्लेक्स ज्ञानकोशात लावला की त्याला कायमस्वरूपी परवाना मिळाला असे या मंडळींना वाटते.

अनघा

हसण्यावारी नेऊ नका. हयात माणसांविषयीची पाने हा सर्वांत नाजूक भाग आहे, आणि तेथे स्तुतीपेक्षा बदनामी अधिक घातक असते. अमेरिकेतील जॉन सिगेनथेलर या ज्येष्ठ पत्रकाराच्या पानावर २००५ मध्ये कोणीतरी गंमत म्हणून असे लिहिले की केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये त्यांच्यावर संशय घेतला गेला होता. हे वाक्य चार महिन्यांहून अधिक काळ तसेच राहिले. त्यांनी स्वतः वृत्तपत्रात लेख लिहून वाचा फोडली, तेव्हा कोठे इंग्रजी विकिपीडियावर नोंदणी न करता नवे पान तयार करण्यास बंदी आली आणि हयात व्यक्तींविषयीचे नियम कडक झाले. स्वतःची स्तुती लिहिणाऱ्यांच्या बाबतीत प्रश्न मुख्यतः उल्लेखनीयतेचा, म्हणजे ज्ञानकोशात पान असण्याइतके महत्त्व आहे की नाही याचा, असतो. त्यांना बनावट म्हणणे बरोबर नाही, कारण ती माणसे खरोखर आहेत.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

आहेत, हेच तर दुःख आहे.

पंचांगी

शके आणि संवत्सराकडे कोणी लक्ष दिलेले दिसत नाही, म्हणून लिहितो. आपल्याकडील साठ संवत्सरांचे चक्र ठरलेले आहे. शकवर्षात १२ मिळवावेत, ६० ने भागावे आणि जी बाकी उरेल तितके संवत्सर प्रभव या पहिल्या संवत्सरापासून मोजावे. पडताळा पाहायचा तर राज्याभिषेकाचे वर्ष घ्या. शके १५९६ मध्ये १२ मिळवले की १६०८. साठने भागून बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावे संवत्सर आनंद. म्हणूनच ६ जून १६७४ला आपण ‘आनंदनाम संवत्सर’ म्हणतो.

आता या लेखातील शके १५८९ घ्या. १६०१ला साठने भागून बाकी ४१ उरते. एकेचाळिसावे संवत्सर प्लवंग आहे. लेखकाने राज्याभिषेकाच्या वर्णनातील कानावरून गेलेले संवत्सर उचलून सात वर्षे आधीच्या तारखेला चिकटवले आहे. तारखेला जुनेपणाचा वास यावा म्हणून घातलेल्या एका शब्दाने घात केला. नुसते १६६७ लिहिले असते तर मला पकडता आले नसते.

सीमाभाग

पंचांगी काका, हिशेब सुरेख आहे. पण जुन्या बखरींतील तारखाही असंख्य ठिकाणी चुकलेल्या आहेत. म्हणून बखरी बनावट ठरतात काय?

पंचांगी

ठरत नाहीत. बखरीत तारीख चुकली तर बखर हातात असते आणि चूक बखरकाराच्या नावावर मांडता येते. येथे चूक कोणाच्या नावावर मांडायची? ज्या पुस्तकातून ही तारीख घेतली असे म्हटले आहे, त्याचे पृष्ठच दिलेले नाही.

ग्रंथपाल_निवृत्त

आता पुस्तकांविषयी मी सांगतो, कारण माझा जन्म त्यात गेला.

१९३४चे मराठी पुस्तक खरोखर निघाले असेल तर त्याचा माग काढण्याचा मार्ग अगदी सरळ आहे. शं. ग. दाते यांनी सिद्ध केलेल्या मराठी ग्रंथसूचीचा पहिला भाग १८०० ते १९३७ या काळातील पुस्तकांचा आहे. दाते यांच्या सूचीत प्रत्येक चोपडे असेलच असे मी म्हणणार नाही, पण कोल्हापुरात छापलेले, ऐतिहासिक विषयावरचे आणि दोन-तीनशे पानांचे पुस्तक त्यांच्या नजरेतून सुटणे कठीण. मी शीर्षकाने, लेखकाच्या आडनावाने आणि विषयवार अशा तिन्ही वाटांनी पाहिले. ते तेथे नाही.

१९५८चे पुस्तक त्या सूचीच्या आवाक्याबाहेर जाते, कारण दुसरा भाग १९५० पर्यंतचा आहे. परंतु १९५४च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकावर कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी काही ठरावीक ग्रंथालयांना प्रत पाठवण्याचे बंधन आले. कायदा सर्वांनी पाळला असे नाही, म्हणून तेथील सूचीत न सापडणे हा निर्णायक पुरावा होत नाही. आपल्या करवीर नगर वाचन मंदिरासारखी १८५०ची संस्था हाताशी असताना तेथील जुनी दाखल-नोंदही पाहावी. मी पाहिली. पुस्तक नाही, आणि या नावाच्या लेखकाचे दुसरे कोणतेही पुस्तक नाही.

परंतु मला सर्वांत चतुर वाटला तो तिसरा संदर्भ. १८८६चे गॅझेटियर खरे आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा तो चोविसावा खंड. दिलेले पृष्ठही खरे आहे आणि त्या पृष्ठावर या खिंडीचे नावही आहे. मात्र ते येते रस्त्यांच्या आणि घाटवाटांच्या वर्णनात. बैलगाडी जाते की नाही एवढेच तेथे सांगितले आहे. लढाईचा शब्द नाही. जो वाचक घाईत संदर्भ उघडेल त्याला खिंडीचे नाव दिसेल आणि तो समाधानाने खंड मिटेल. न सापडणाऱ्या पुस्तकापेक्षा असा संदर्भ अधिक धोक्याचा असतो, कारण तो तपासल्यासारखा वाटतो.

भवानीमंडप

या सर्व चर्चेवरून मला तरी असे वाटते की दोष मुळात ‘कोणीही यावे आणि लिहावे’ या पद्धतीचा आहे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली मराठी विश्वकोश झाला, त्यात अभ्यासकांनी नावानिशी नोंदी लिहिल्या आणि त्या तपासल्या गेल्या. तेथे असे प्रकार होणे शक्य नव्हते.

ग्रंथपाल_निवृत्त

विश्वकोशाविषयी आपल्याला वाटणारा आदर मलाही आहे. परंतु छापील आणि संपादित कोश या रोगापासून मुक्त असतात हे मान्य करता येणार नाही. अमेरिकेत १८८०च्या दशकात निघालेल्या ॲपलटनच्या चरित्रकोशात कधीही न जन्मलेल्या माणसांच्या अनेक नोंदी घुसल्या होत्या. लेखकांना मजकुराच्या लांबीप्रमाणे मानधन मिळत असे आणि कोणीतरी माणसे रचून लांबी वाढवली. त्यांत दक्षिण अमेरिकेत वनस्पती गोळा करत हिंडलेले काल्पनिक संशोधक बरेच होते, आणि ते उघडकीला आणले १९१९ मध्ये एका वनस्पतिशास्त्रज्ञाने. म्हणजे छापून तीस वर्षे ते कपाटात सुखाने बसले होते, आणि सापडले तेही त्या विषयाच्या माणसाला. छापील खंडातून ते पुसायचे कसे, हा प्रश्न तर वेगळाच.

अनघा

विषयाचा माणूस लागतो हे चिनी विकिपीडियावरही दिसले. तेथे एका सदस्येने दहा वर्षांहून अधिक काळ मध्ययुगीन रशियाच्या इतिहासावर दोनशेहून अधिक लेख रचले; लढाया, संस्थानिक, चांदीच्या खाणी, सारेच. रशियन येणारे वाचक थोडे, आणि संदर्भ रशियन पुस्तकांचे. शिवाय तिने स्वतःच दुसऱ्या नावांनी खाती काढून आपल्या लेखांना दुजोरा दिला. २०२२ मध्ये एक चिनी कादंबरीकार चांदीच्या खाणीची माहिती शोधत तेथे पोहोचला आणि रशियन स्रोतांत काहीच सापडेना, तेव्हा सारा डोलारा कोसळला.

म्हणून मी उलटतपासणी यांना विचारते : आपल्या या सदस्याची अन्य खाती आहेत काय?

उलटतपासणी

तशी शंका घेण्याजोगे काही दिसत नाही, आणि निव्वळ संशयावरून येथे कोणाचे नाव जोडणे मी टाळीन. वाद लेखाशी ठेवावा. माणसामागे लागले की चर्चा भरकटते आणि पान राहते.

आणखी एक सावधगिरी. संदर्भांत रविवारच्या पुरवणीतील जो लेख आहे, तो मी मिळवून वाचला. त्यात १,३४७ हाच आकडा आहे, आणि तो विकिपीडियावरील पानानंतर तब्बल दीड वर्षाने छापून आला आहे. म्हणजे पुरवणीच्या लेखकाने विकिपीडियावरून घेतले आणि मग तोच लेख विकिपीडियावर पुरावा म्हणून आणून लावला गेला. असे जगभर होते. दक्षिण अमेरिकेतील कोआटी या प्राण्याला ‘ब्राझिलियन आर्डवार्क’ असेही म्हणतात, असे २००८ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्याने विकिपीडियावर सहज लिहून ठेवले. पुढे ते नाव वृत्तपत्रांत आणि पुस्तकांतही शिरले आणि त्याचा आधार घेऊन ते पानावर टिकले. म्हणून बातमीचा संदर्भ आला की तिची तारीख आणि पानाच्या पहिल्या आवृत्तीची तारीख शेजारी ठेवून पाहावी.

भवानीमंडप

हल्ली हे सारे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतात, असे ऐकतो. मग हा लेखही तसाच नसेल कशावरून?

उलटतपासणी

हा लेख त्या साधनांच्या आधीचा आहे, हे इतिहासातील तारखेवरून स्पष्ट होते. पण आपण म्हणता तो धोका खरा आहे. ही साधने अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावे, पृष्ठांसह, बेमालूम तयार करून देतात आणि देणाऱ्याच्या मनात खोडसाळपणा असावा लागतो असेही नाही. इंग्रजी विकिपीडियाने २०२५ मध्ये असा नियम केला की माणसाने न तपासता यंत्राकडून लिहून घेतलेले पान, त्याच्या स्पष्ट खुणा दिसत असतील तर, तत्काळ वगळता येते. अस्तित्वात नसलेले संदर्भ ही त्या खुणांपैकी एक आहे. पूर्वी खोटी ग्रंथसूची रचायला निदान एक रात्र खर्ची घालावी लागत असे.

करवीरवाचक

मंडळी, मी चर्चा पानावर सर्व मुद्दे मांडले, साचा लावला आणि लेखकाला कळवले. त्यांचे उत्तर आले आहे. ते म्हणतात की लढाईची हकिकत त्यांच्या घराण्यातील मोडी कागदांत आहे, कागद घरात जपून ठेवले आहेत आणि पुस्तकांची नावे त्यांना एका नातेवाइकाने सांगितली होती. उत्तराचा सूर नम्र आहे, त्यामुळे मला थोडे अवघडल्यासारखे झाले आहे. आता काय करावे?

मोडीप्रेमी

मी मोडी वाचतो आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात बराच काळ बसलेलो आहे. त्या सदस्यांना माझ्या वतीने कळवा की कागदांची स्पष्ट छायाचित्रे पाठवल्यास मी विनामूल्य लिप्यंतर करून देईन. कागद खरे असतील तर ते अनमोल आहेत आणि त्यांची जागा एखाद्या संशोधन नियतकालिकात आहे. अभ्यासकांनी ते तपासावेत, छापावेत, आणि मग विकिपीडियाने त्या छापील लेखाचा आधार घ्यावा. क्रम उलटा करता येणार नाही. घरातील पेटीत असलेला कागद वाचकाला पडताळता येत नाही, मग तो कितीही खरा असो.

दक्षिणदरवाजा

मी रविवारी त्या गावी जाऊन आले, कारण मला वीरगळ स्वतः पाहायचा होता. वीरगळ आहे, आणि छायाचित्रही त्याचेच आहे. तो एका शिलाहारकालीन देवळाच्या आवारात इतर तीन दगडांच्या ओळीत उभा आहे. खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि त्याच्यावर चंद्र-सूर्य. वीराच्या पायाशी गाई कोरलेल्या आहेत, म्हणजे गोधनाच्या रक्षणासाठी पडलेल्या माणसाचा तो दगड आहे. मूर्तींची घडण देवळावरच्या शिल्पांशी इतकी जुळते की तो सतराव्या शतकातील लढाईचा म्हणणे मला तरी अवघड वाटते. देवळाच्या पुजाऱ्यांना आणि पारावर बसलेल्या तीन-चार वृद्धांना मी लढाईविषयी विचारले. एकाने सांगितले, ‘मोबाईलवर आलंय म्हणं तसं.’ बाकीच्यांनी गुरे राखताना मेलेल्या वीराची गोष्ट सांगितली.

तेव्हा लढाईचे पान काढण्यास माझी हरकत नाही. मात्र छायाचित्र काढू नये. वीरगळांविषयीच्या पानावर ते योग्य मथळ्यासह लावावे, आणि गोधनाची गोष्ट कोणी छापील स्वरूपात नोंदवत असेल तर मी सांगणाऱ्यांची गाठ घालून देईन.

गारगोटीकर

गुरे राखणाऱ्याची गोष्ट आमच्या आजीनेही सांगितली होती. तिच्यात दोनच माणसे होती आणि एक वाघ. सैन्य नव्हते.

उलटतपासणी

प्रचालकांनी चर्चा पाहून पान वगळले आहे. लेखकाने पुढे काही उत्तर दिलेले नाही. मोडीप्रेमी यांचा निरोप त्यांच्या चर्चा पानावर ठेवला आहे. पान गेले तरी काम उरतेच. वगळण्यापूर्वी मी ‘येथे काय जोडले आहे’ (या पानाचा दुवा कोठे कोठे आहे ती यादी) पाहून ठेवले होते. तालुक्याच्या पानावर एक वाक्य होते, ते काढले. मराठ्यांच्या लढायांच्या यादीत एक ओळ होती, तीही काढली. हिंदी विकिपीडियावर कोणीतरी भाषांतर करून ठेवलेले आहे. तेथील चर्चा पानावर आपल्या कारणांचा सारांश दिला आहे, पण त्यांचा निर्णय ते घेतील. यूट्यूबवरील दोन चित्रफितींना आपण काही करू शकत नाही.

गावाच्या पानावरील परिच्छेद मात्र अजून आहे. मी काढला होता, तो एका नव्या सदस्याने परत आणला आणि संदर्भ म्हणून रविवारची पुरवणी दिली. मी पुन्हा काढला तर ते संपादन-युद्ध, म्हणजे एकमेकांचे बदल वारंवार उलटवणे, होईल, म्हणून तारखांचा तक्ता चर्चा पानावर मांडला आहे. ज्यांचे खाते आहे त्यांनी पुरवणी आणि जुने पान दोन्ही पाहून तेथे आपले मत नोंदवावे. ग्रंथपाल साहेब, गॅझेटियरच्या त्या पृष्ठाचे छायाचित्र असल्यास कृपया तेथे चढवावे.

ग्रंथपाल_निवृत्त

पृष्ठाचे छायाचित्र आज संध्याकाळी चढवतो. शेजारचे पृष्ठही देतो, म्हणजे वर्णन रस्त्याचे आहे हे कोणाला पान उलटून पाहावे लागणार नाही.